बाळंतपणानंतर शिंकताना लघवी निसटते, खाली जड वाटतं? काय करायचं आणि कसं करायचं

शिंक आली की पाय आवळून जागच्या जागी उभं राहायचं, लग्नकार्याला गेलं की आधी बाथरूम कुठंय ते हेरून ठेवायचं, झुंबा किंवा दोरीवरच्या उड्यांचं नावच काढायचं नाही. आणि घरात विषय काढला की "अगं पोरं झाली की होतंच असं, आम्हालाही व्हायचं" हे ठरलेलं. खरंय, खूप जणींना होतं. पण यावर इलाज आहे, त्यातला मोठा भाग घरी फुकट करता येतो, आणि त्यावर जगभर इतकं संशोधन झालंय की अजूनही बायका पॅड लावून वर्षानुवर्षं काढतात याचा मला राग येतो. म्हणून सगळं एका जागी लिहितेय.

आधी ही भानगड नक्की काय ते. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते, तिच्यावर लघवीची पिशवी, गर्भाशय आणि शीची जागा टेकलेली असते. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मिशिगन युनिव्हर्सिटीत जॉन डीलान्सी आणि त्यांच्या टीमने २००४ साली कॉम्प्युटर मॉडेल करून दाखवलं की बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूंचा सगळ्यात आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीपेक्षाही जास्त ताणला जातो. बहुतेकींचा स्नायू हे सोसून हळूहळू परत जागेवर येतो, पण काहींचा हाडापासून सुटतो, चिमटा लावून डिलिव्हरी झाली असेल तर जास्तच, आणि बाहेरचे टाके कितीही छान भरलेले दिसले तरी आतलं हे नुसतं बघून कळत नाही. त्यामुळे "टाके बरे झालेत, आता काही नाही" एवढ्यावर समाधान मानू नका.

पहिलं काम म्हणजे आपला त्रास कुठल्या जातीचा आहे ते ओळखणं, कारण उपाय त्यावर ठरतो. खोकला, शिंक, हसणं, बाळाला उचलणं अशा वेळी थोडी लघवी निसटते तो एक प्रकार. दाराला किल्ली लावतानाच अशी जोरात लागते की बाथरूमपर्यंत पोचत नाही तो दुसरा. काहींना दोन्ही असतात. गॅस किंवा पातळ शी थांबवता न येणं हा तिसरा, याबद्दल तर बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. आणि चौथा म्हणजे खाली ओढल्यासारखं, जड, संध्याकाळी काहीतरी गोळा खाली आल्यासारखं वाटणं, ज्याला आपल्याकडे अंग बाहेर येणं किंवा मायांग खाली येणं म्हणतात.

हे नीट कळावं म्हणून तीन दिवस एक साधी नोंद ठेवा. वहीचं एक पान घ्या, किती वाजता काय आणि किती प्यायलं, किती वाजता लघवीला गेलं, किती झाली (घरातलं एखादं मापाचं जुनं प्लास्टिकचं भांडं त्यासाठी काढून ठेवा), कधी निसटली आणि त्यावेळी काय चाललं होतं. दिवसाला साधारण सात-आठ वेळा जाणं ठीक. कोऱ्या चहाचे सहा कप आणि पाणी मात्र नावाला, असं वहीत दिसलं तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. पण निसटते म्हणून पाणी तोडू नका, अंगावर पाजणाऱ्या बाईने तर मुळीच नाही. लघवी घट्ट झाली की पिशवीची जळजळ वाढते आणि बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच.

आता मुख्य व्यायाम. अरनॉल्ड केगेल नावाच्या अमेरिकन गायनॅकॉलॉजिस्टने १९४८ साली याच्यावर लिहिलं, म्हणून केगेल. नाव सगळ्यांना माहीत असतं, "केगेल करा" असं डिलिव्हरीनंतर सिस्टर जाता जाता सांगून जाते, गोंधळ तिथेच होतो. १९९१ साली अमेरिकेत ४७ बायकांना असंच तोंडी सांगून मग तपासून बघितलं, तर जेमतेम निम्म्या जणींना बरोबर जमत होतं, आणि पाव बायका अशा करत होत्या की त्याने गळणं उलट वाढलं असतं! म्हणजे वर ओढायच्या ऐवजी खाली जोर लावत होत्या. त्यामुळे "मी केगेल केले, काही उपयोग झाला नाही" म्हणणाऱ्या मैत्रिणीला आधी हे विचारा की तू बरोबर करतेयस हे कोणी तपासलं का.

तर बरोबर कसं? उताणं पडा, गुडघे वाकवा, पाय टेकलेले. चारचौघात गॅस येतोय आणि तो अडवायचाय असं समजून मागची जागा आवळा, मग तोच आवळलेपणा पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि सगळं आत आणि वर, बेंबीच्या दिशेने ओढा. मांड्या, ढुंगण ढिलं. श्वास चालू. श्वास धरून ठेवायची सवय असेल तर मोठ्याने आकडे मोजा, बोलताना श्वास धरता येत नाही. आता छोटा आरसा घेऊन बघा, योनी आणि शीची जागा यांच्यामधली त्वचा आत खेचली जायला हवी. बाहेर फुगत असेल तर तुम्ही खाली जोर देताय, थांबा. टाके पूर्ण भरलेत आणि रक्तस्राव थांबलाय अशा वेळी स्वच्छ धुतलेलं बोट आत घालूनही कळतं, बोटाभोवती घट्ट होऊन ते किंचित वर ओढल्यासारखं वाटतं. पहिल्या काही दिवसांत काहीच जाणवलं नाही तरी घाबरू नका, ताणलेल्या भागाला संवेदना यायला वेळ लागतो. आणि लघवी करताना मध्येच धार थांबवून बघायचा प्रकार सवय म्हणून करू नका, पिशवी नीट रिकामी होत नाही.

प्रमाण किती, तर इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइनमध्ये एका वेळी निदान ८ आणि दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने असं आहे. सुरुवातीला तीन सेकंद धरता आलं तरी पुष्कळ, मग हळूहळू आठ-दहा सेकंदांपर्यंत न्या, प्रत्येक वेळी जितका वेळ धरलं तितकाच वेळ पूर्ण सोडा. सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे. शेवटी पटपट आवळा-सोडा असे पाचेक. आधी झोपून, जमलं की बसून, मग उभं राहून, कारण शिंक काही झोपून येत नाही. बाळाला पाजायला बसलात की करा, कुकरच्या शिट्ट्या मोजताना करा, लोकलमध्ये करा, कोणाला कळत नाही. नॉर्मल डिलिव्हरी आणि साधे टाके असतील तर दुखत नाही इतपत हलकेच काही दिवसांतच सुरू करता येतं, सिझेरियनवालीनेही करायचं (लघवीची नळी काढल्यावर). शीच्या जागेपर्यंत फाटलं असेल तर मात्र डॉक्टरना विचारूनच.

आणि तीन महिने म्हणजे तीन महिने. दोन आठवड्यांत सोडून दिलं तर काही होत नाही, जिममध्ये दोन आठवड्यांत दंड येत नाहीत तसलंच हे. खोकताना-शिंकताना गळणाऱ्या बायकांवरच्या अभ्यासांचा जो एकत्रित कॉक्रेन आढावा (कॉक्रेन म्हणजे जगभरचे अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) २०१८ साली आला त्यात व्यायाम करणाऱ्या १०० पैकी ५६ जणींनी आपण बऱ्या झालो असं सांगितलं, काहीच न केलेल्यांत ६ जणींनी. गोळीने असा फरक पडला असता तर तिची जाहिरात रोज टीव्हीवर लागली असती.

एक अपवाद लक्षात ठेवा. संबंधाच्या वेळी खूप दुखतं, लघवी सुरू व्हायलाच वेळ लागतो, खालचा भाग कायम आखडलेला वाटतो, असं असेल तर स्नायू ढिले नसून उलट जास्त घट्ट असू शकतात. अशा वेळी केगेलचा मारा करू नका, पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओला दाखवा. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असल्यामुळे कोरडेपणानेही दुखतं, ते वेगळं, त्यावरही डॉक्टरकडे उपाय असतो.

आता एक युक्ती, जी तीन महिने न थांबता उपयोगी पडते. नाकात हुळहुळलं, शिंक येणार हे कळलं, की शिंकेच्या आधीच्या त्या क्षणात आवळून वर ओढायचं आणि शिंक होईपर्यंत धरून ठेवायचं. बस. मिशिगनच्याच टीमने १९९८ साली दाखवलं की ही वेळ साधायला बायका आठवड्याभरात शिकतात आणि खोकल्याच्या वेळचं गळणं चांगलंच कमी होतं. बाळाला पाळण्यातून उचलताना, पाण्याची बादली उचलताना, सिलिंडर सरकवताना तेच, आधी आवळा, मग श्वास सोडत उचला. श्वास कोंडून उचललं की सगळा दाब खाली जातो.

ज्यांना घाईची लागते त्यांच्यासाठी वेगळं. लागली रे लागली की पळायचं नाही. जागेवर थांबायचं, शक्य असेल तर टेकायचं, पाच-सहा वेळा पटपट आवळायचं, लाट ओसरू द्यायची, मग शांतपणे चालत जायचं. वहीत बघून दोन वेळांमधलं अंतर पाच-दहा मिनिटांनी वाढवत न्यायचं, निदान सहा आठवडे. आणि "बाहेर पडतोय तर जाऊन येते" ही सवय कमी करा, पिशवीला थोडक्यावरच रिकामं व्हायची सवय लागते.

बाळंतिणीच्या खोलीतल्या गोष्टींबद्दलही थोडं. सव्वा महिना आराम ही आपल्याकडची पद्धत मला मनापासून पटते, हंडे-कळशा आणि शेतातली कामं तेवढा काळ लांब राहतात, फक्त आराम म्हणजे आडवंच पडून राहणं नव्हे, घरात चालत-फिरत राहा. पोट बांधायला हरकत नाही पण मावशी जशी गुडघा टेकवून करकचून आवळते तशी नको, वरून आवळलं की दाब खालच्या झोळीवरच येतो, खाली जड वाटायला लागलं तर सैल करायला सांगा, ओशाळू नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल खा, पण पालेभाजी वाताची म्हणून बंद, पाणी थंड म्हणून कमी, आणि वरून लोहाच्या गोळ्या, या तिन्हींनी मिळून शी दगडासारखी होते आणि रोज सकाळी कुंथून कुंथून तुम्ही केलेल्या व्यायामावर पाणी पडतं. गोळ्या बंद नका करू, डॉक्टरना सांगून बदलून घ्या किंवा रात्री इसबगोल सुरू करा. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर आले की कुंथावं लागत नाही.

अंग बाहेर येण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यात भीती सगळ्यात जास्त. थोडंसं खाली येणं बाळंतपणानंतर पुष्कळ जणींच्या तपासणीत दिसतं, त्रास नसेल तर काही करावंही लागत नाही. सौम्य प्रकारात व्यायामाचा फायदा होतो, २०१४ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलेल्या पॉपी नावाच्या ट्रायलमध्ये ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ४४७ बायका होत्या, ज्यांना फिजिओने एकेकीला समोर बसवून शिकवलं त्यांचा त्रास वर्षभराने दुसऱ्या गटापेक्षा कमी होता. व्यायामाने भागत नसेल तर रिंग पेसरी. सिलिकॉनची मऊ बांगडीच म्हणा ना, डॉक्टर आतून माप घेऊन दुमडून बसवतात, आत ती उघडते आणि वरचा भाग धरून ठेवते. बसवल्यावर लगेच घरी पळू नका. तिथेच चाला, उकिडवं बसा, खोका, लघवी करून या. टोचतेय, सरकतेय, लघवी अडतेय असं झालं तर माप चुकलंय, दुसरं बघायला सांगा. बरोबर बसली की ती आत आहे हे जाणवतसुद्धा नाही. जमत असेल तर स्वतः काढून, धुऊन परत घालायला शिकून घ्या, नाहीतर डॉक्टर सांगतील तशी ठराविक महिन्यांनी काढून तपासायला जा. विसरलेली रिंग वर्षानुवर्षं आत राहून जखमा करते. रक्त किंवा वास येणारा स्राव दिसला की लगेच जायचं. आपल्याकडे पेसरी हा शब्द फार कमी ओपीडीत आपणहून काढला जातो, तुम्हीच विचारा.

"गर्भाची पिशवी काढून टाका" हा सल्ला मिळाला तर मात्र दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. नुसती पिशवी काढली आणि आधार देणाऱ्या गोष्टी दुरुस्त केल्या नाहीत तर योनीचा वरचा भाग नंतर खाली येऊ शकतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कमी वयाच्या बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या हे २०१९ साली बाहेर आलं आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, हे विसरू नका. पिशवी ठेवून तिला वर आधार देण्याची ऑपरेशनं आहेत, आणि अभिमानाची गोष्ट अशी की त्यातली काही आपल्याच लोकांची, गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. पुरंदरे यांच्या नावाच्या पद्धती आजही पाठ्यपुस्तकात शिकवल्या जातात. योनीतून जाळी बसवायचं कोणी सुचवलं तर थांबून विचारा, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) अंग बाहेर येण्यासाठी योनीतून बसवायच्या जाळ्यांची विक्री एप्रिल २०१९ मध्ये बंद करायला लावली.

पुढचं बाळ होणार असेल किंवा बहीण गरोदर असेल तर आत्तापासून. ज्यांना गळत नाही त्यांनी गरोदरपणातच हा व्यायाम केला तर शेवटच्या महिन्यांत गळायची शक्यता ६२ टक्क्यांनी आणि बाळंतपणानंतर तीन ते सहा महिन्यांत २९ टक्क्यांनी कमी होते, असं २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. डॉक्टरशी आधीच दोन गोष्टी बोलून ठेवा. कळा देताना खालच्या बाजूला गरम पाण्याच्या घड्या ठेवल्या तर मोठं फाटणं कमी होतं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींमध्ये योनीचं तोंड मोठं करायला सरसकट चिरा देऊ नका, वरून पोट दाबून बाळ ढकलू नका, हे दोन्ही स्पष्ट आहे. गरजेला चिरा द्यावा लागतो, तो भाग वेगळा.

मग सरळ सिझेरियनच करावं का? अमेरिकेत बाल्टिमोरजवळ १५२८ आयांना वर्षानुवर्षं तपासत राहिले, २०१८ साली ते छापून आलं. सिझेरियनवाल्यांत हे त्रास कमी होते, अंग बाहेर येणं तर बरंच कमी, आणि चिमटा किंवा व्हॅक्युम लावलेल्यांत अंग बाहेर येणं साध्या नॉर्मलपेक्षा पावणेदोन पटीहून जास्त. पण सिझेरियनवाल्यांतही गळणं शून्य नव्हतं, आणि प्रत्येक सिझेरियनबरोबर पुढच्या खेपेला वार गर्भाशयाला घट्ट चिकटण्याचा धोका वाढतो. माझं मत, फक्त यासाठी पोट कापून घेऊ नये. आधीच्या खेपेला शीच्या जागेपर्यंत फाटलं असेल तर मात्र हा प्रश्न खरोखर बसून चर्चा करण्यासारखा आहे.

त्याच फाटण्यावरून, गॅस-शी थांबत नसेल तर लाजेने गप्प बसू नका. लंडनमध्ये डॉ. अब्दुल सुलतान यांनी १९९३ साली नॉर्मल डिलिव्हरीनंतर सोनोग्राफीने आतून तपासलं तर पहिलटकरणींपैकी ३५ टक्क्यांच्या शीच्या जागेच्या स्नायूत इजा होती, त्यातली बहुतेक डिलिव्हरीच्या वेळी कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

लगेच दवाखाना गाठायच्या वेळा: डिलिव्हरीनंतर किंवा नळी काढल्यावर सहा तास झाले तरी लघवी होत नाही, लघवी थेंब थेंब न निसटता दिवसरात्र सतत वाहते (लांबलेल्या कळांनंतर लघवीच्या पिशवीला भोक पडलेलं असू शकतं, त्याचं ऑपरेशन होतं), योनीतून शी किंवा गॅस येतो, बाहेर आलेला भाग आत जात नाही, ताप, लघवीत रक्त, पाय किंवा खालचा भाग बधिर.

आता ओपीडीत बोलायचं कसं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली लॅन्सेटमध्ये आलं, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. शहरातल्या शिकलेल्या बायकासुद्धा अजून "थोडं पांढरं जातंय" म्हणून सुरुवात करतात आणि खरं दुखणं सांगायच्या आत पाच मिनिटं संपतात. म्हणून पहिलंच वाक्य ठरवून जा: "बाळंतपणाला इतके महिने झाले, खोकताना लघवी निसटते, दिवसाला इतके पॅड लागतात." वहीचं पान समोर ठेवा. डिलिव्हरीचं कार्ड न्या, त्यात चिरा, चिमटा, बाळाचं वजन असतं. उभं राहून खोकायला लावून तपासा असं सांगा, झोपून कधीकधी काहीच दिसत नाही. आणि निघताना विचारा, मी व्यायाम बरोबर करतेय का ते आत्ता बोटाने तपासून सांगाल का, नसेल तर कुठल्या फिजिओकडे पाठवाल. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात फिजिओथेरपी विभाग असतो, तिथेही चौकशी करा. तपासायला लेडी डॉक्टर हवी असेल तर केसपेपर काढतानाच सांगा, आत गेल्यावर अवघडायला होतं.